आक्कांचं स्टूल

आक्का, गेल्या गुरुवारी मी तुमच्या जागेवर बसले. जागा म्हणायची आपली रीत. दवाखान्याच्या सल्लागार कमिटीत पाच पुरुषांना हात असलेल्या पाच खुर्च्या, आणि बायकांच्या एका जागेसाठी कंपाउंडरच्या खोलीतलं लाकडी स्टूल. सभा संपली की ते परत आत जायचं आणि पुढच्या सभेला तुम्ही स्वतः ते उचलून आणायचं. त्यामुळं तुम्ही गेल्यावर त्या खोलीत रिकामं काही दिसतच नव्हतं. पाच खुर्च्या, पाच माणसं, सगळं कसं भरलेलं. मी दारात उभी राहिले, पदर नीट केला, कंपाउंडरच्या खोलीत गेले आणि स्टूल घेऊन आले. त्याचा एक पाय आखूड आहे हे तुम्ही मला कधी सांगितलं नव्हतं.

तुमचं दहावं झालं. डाळजहून तुमचा पुतण्या आला होता, तो भांडी आणि गोधडी घेऊन गेला. तुमची कापडी पिशवी मात्र मी मागून घेतली. आत साबण, दोऱ्याचं रीळ, कात्री, नखं घासायचा काथ्या आणि तळाशी घडी घातलेला एक कागद. निम्मी बारामती ह्या पिशवीतनं बाहेर आली, असं तुम्ही म्हणायचात. मी म्हणायची, पुरे, माझी दोन त्यातच धरलीत ना? "धरली की. तुजं धाकटं तर पायाळू. आजून कुनाचं ऐकत न्हाय." लोक तुम्हाला सुईण म्हणत, कुणी नर्सबाई म्हणत, पुण्याला शिकून आलात म्हणून चार घरं आधी शिवूनही घेत नसत. पण कळा सुरू झाल्या की सगळ्यांच्या तोंडी एकच, आक्काला बोलवा.

दुपारी जेवणं आटोपली की तुम्ही आमच्या ओसरीवर यायचात. बारीक अक्षर दिसत नसल्यानं कमिटीचे कागद माझ्याकडून वाचून घ्यायचात. मी वरकुट्याच्या शाळेत चार बुकं शिकले, त्या शिक्षणाचा एवढा उपयोग दुसऱ्या कुणी केला नाही. तुम्ही शेंगा फोडायच्या, मी वाचायचं. चेअरमनसाहेबांनी असे मत मांडले, अमुकरावांनी दुजोरा दिला, आणि मधेच कुठं तरी 'स्त्री सभासद यांनीही चार शब्द सांगितले.' ते चार शब्द कुठले, हे कधीच लिहिलेलं नसे. तुम्ही विचारायचात, "माजं नाव हाय का गं?" नाही म्हटलं की शेंगदाणा तोंडात टाकायचात. "असू दे. शेंगा झ्याक हायत्या." मला तेव्हा हसू यायचं.

कुसुमचं सांगायचं मी टाळतेय, हे तुम्हाला एव्हाना कळलं असेल. माझी नणंद, आत्याबाईंचं शेंडेफळ. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते हे तुम्हाला ठाऊक, पण तुमच्यामागं हा कागद कुणी वाचला तर त्याला कळावं म्हणून लिहिते. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तिला इंदापूरहून आणली. दोन दिवस झाले तरी सुटका होईना. तुम्ही बाहेर आलात, कोपरापर्यंत हात धुतलेत आणि म्हणालात, "मूल आडवं हाय. हितं घरात न्हाय व्हायाचं. दवाखान्यात न्या."

दवाखान्यात एक मोठी खोली, तिच्यात पुरुषांच्या खाटा. बायकांना व्हरांडा. मागं एक खोली होती, पण तिच्यात मोडक्या खाटा आणि सरपण. आमचे थोरले भाऊजी म्हणाले, परक्या पुरुषांच्या मधे आपल्या घरची बाळंतीण कशी ठेवायची? डॉक्टरही म्हणाले, आडोसा नाही, पुण्याला हलवा. मग गाडीतनं स्टेशन, स्टेशनावरनं दौंड. दौंडच्या फलाटावर पुण्याच्या गाडीची वाट बघताना कुसुम माझ्या मांडीवर गेली. तुम्ही लुगडं दोन्ही हातांनी ताणून धरून आडोसा केला होता. ती गेल्यावरही तुम्ही हात खाली घेतले नाहीत. मीच तुमचा हात धरून खाली केला, तेव्हा म्हणालात, "येवढ्या एका आडोशापायी गं."

त्यानंतर तुम्ही कमिटीच्या मागंच लागलात. सरपणाची खोली मोकळी करा, चुना द्या, दाराला पडदा लावा, बाळंतिणींना द्या. दर सभेला तेच. शेवटी चेअरमनसाहेब म्हणाले, आजवर एका तरी घरानं तक्रार केली आहे का? घरच्या माणसानं हजर राहून जबानी द्यावी, मग कमिटी विचार करील. तुम्ही तडक माझ्याकडं आलात. "तू हुतीस तिच्यासंगं. तू सांग."

मी आले, आक्का. आत्याबाईंना न विचारता आले, हे तरी माझ्या बाजूनं धरा. समोर पाच खुर्च्या, त्यातल्या एका खुर्चीवर थोरले भाऊजी. त्यांच्यासमोर मी उभ्या जन्मात तोंड उघडलं नव्हतं. गणपतराव कारकुनांनी दौतीत टाक बुडवला. नाव? सांगितलं. नवऱ्याचं नाव?

ते काही माझ्या तोंडातनं निघेना. कसं निघणार? लग्नानंतर एकदा ताटावर, एकदा डोहाळजेवणाला उखाण्यातनं घेतलेलं, तेही बायकांत. नाव देवाचं, म्हणून आरतीत तो शब्द आला की मी आजही ओठ मिटते. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, हे मला कुणी शिकवलं ते आठवत नाही, भाकरी थापायला कुणी शिकवलं तेही आठवत नाही. त्या खोलीत ते नाव कुणाला माहीत नव्हतं? भाऊजींचे ते सख्खे धाकटे भाऊ. गणपतराव त्यांच्याबरोबर कचेरीच्या पायरीवर रोज पान खातात. अख्ख्या गावात ते नाव न घेणारी मी एकटी, आणि सांगायचं मात्र मीच. तुम्ही म्हणालात, "मी सांगते की." गणपतराव म्हणाले, "जबानी देणाऱ्यानं आपल्या तोंडानं सांगायचं असतं. वाटलं तर उखाण्यात घ्या, वहिनी." आणि सगळे हसले. भाऊजी हसले नाहीत. ते सतरंजीकडं बघत होते.

मी उठले आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी तुम्ही कागद घेऊन आलात. मीच तो वाचला. 'तक्रारदार हजर नाही. विषय दप्तरी दाखल.' तुम्ही शेंगांना हात लावला नाहीत. म्हणालात, "एक शबूद हुता, सुंदरे. एका शब्दापायी खोली ऱ्हायली." मला तो माझ्यावर घाव वाटला. मी म्हटलं, माझ्या घरधन्याच्या जिवाचा प्रश्न आहे. तेव्हा तुम्ही हसलात. ते हसू मला आवडलं नाही.

"काशीनाथ," तुम्ही म्हणालात. "माज्या मालकाचं नाव काशीनाथ. त्ये हुतं तवर मी एकदाबी घेतलं न्हाय. उखान्यातबी न्हाय, लाजत हुते. तरीबी अकरा म्हैन्यात गेलं. मंग मात्र मी घेत ऱ्हायले. आता कुनाचं आयुष्य कमी व्हतंय बगू."

आणि मी तुम्हाला म्हणाले, "तुमचं बरं आहे, आक्का. तुम्हाला गमवायला राहिलंय काय?"

हे शब्द मी जसे बोलले तसेच लिहिलेत. एकही सौम्य केलेला नाही. तुम्ही पिशवी उचललीत, पायरीवर थांबलात, धाकट्याला खोकला आहे त्याला ज्येष्ठमधाचा काढा दे म्हणालात आणि गेलात. चार दिवसांनी पुन्हा आलात, पुन्हा शेंगा, पुन्हा वाचन. तुम्ही ते परत कधी काढलं नाहीत. दोन वर्षं काढलं नाहीत. मला त्याचा राग यायचा, खरं सांगते. एकदा भांडला असतात, चार शिव्या हासडल्या असत्यात, तर मलाही पाया पडायला वाट मिळाली असती. तुमच्या चांगुलपणानं मला कुठं तोंड काढायला जागाच ठेवली नाही.

दिवाळीनंतर कालव्याकाठी हिवताप सुरू झाला, दर वर्षी होतो तसा. घरोघरी कोयनेलच्या गोळ्या वाटत तुम्हीच फिरलात आणि तुम्हीच पडलात. मी पेज घेऊन यायची. रोज ठरवून यायची की आज म्हणायचं, आक्का, मी चुकले. रोज कुणी तरी बसलेलं असे. शेवटच्या दिवशी कुणीच नव्हतं. तुम्ही डोळे उघडून विचारलंत, "पेजंत मीठ हाय का?" मी म्हटलं, आहे. मग झोपलात. मी बसून राहिले, उठतील तेव्हा म्हणू म्हणून. दोन वर्षं थांबले, तर आणखी तासभर थांबायला काय होतं?

आता पुढचं ऐका. तुम्हाला जाऊन आठवडा झाला नाही तोच यांनी कचेरीतनं बातमी आणली. जागा बायकांची आहे, पण पुढच्या सभेपर्यंत कुणी बाई आली नाही तर तात्पुरती एका पेन्शनर मास्तरांना द्यायची. तात्पुरती म्हणजे काय, हे गावात कुणाला समजावायला नको. मास्तर चांगले आहेत, पण बाळंतिणींच्या खोलीसाठी ते भांडतील असं त्यांची बायकोसुद्धा म्हणणार नाही. यांनी एवढं सांगितलं आणि जेवायला बसले. ताटावरनं उठताना म्हणाले, "तुला जायाचं आसंल तर जा." भाऊजी मला काही बोलले नाहीत. बोलायचे कसे? त्यांनी आत्याबाईंना सांगितलं, मला ऐकू येईल एवढ्या आवाजात. "तिला म्हनावं, नाव विचारत्याल."

गेल्या गुरुवारी मी स्टूल आणून ठेवलं आणि त्याच्या बाजूला उभी राहिले. तेच गणपतराव, तोच टाक. नाव? सुंदरा. नवऱ्याचं नाव? मला वाटलं होतं, तुमची आठवण येईल, धीर येईल. तसं काही झालं नाही. मला दौंडचा फलाट दिसला.

"गोविंद," मी म्हटलं.

इथं लिहितानाही हात थांबला. खोलीत कुणी हसलं नाही. आडनाव विचारायची गरज पडली नाही, ते समोरच खुर्चीत बसलं होतं, सतरंजीकडं बघत. दोन वर्षांत त्या सतरंजीचे धागे त्यांना पाठ झाले असतील.

मग गणपतरावांनी विचारलं, "कोणाच्या जागी?" आणि स्वतःच थांबले. मागची पानं चाळली. सगळीकडं 'स्त्री सभासद'. चेअरमनसाहेब म्हणाले, लिहा, कैलासवासी आक्का. गणपतराव म्हणाले, साहेब, पुरं नाव लागतं. पाचही जण एकमेकांकडं बघायला लागले. यांतल्या तिघांची मुलं तुम्ही धरलेली, आक्का. एकालाही तुमचं नाव ठाऊक नव्हतं.

"सगुणा काशीनाथ," मी म्हटलं. "राहणार मूळ डाळज." आडनावही सांगितलं. गणपतरावांनी लिहिलं. मी स्टुलावरनं वाकून बघितलं, नीट लिहिलंय का. नीट लिहिलंय. त्या दप्तरात तुमचं नाव आता आहे, पण ते तुम्ही मेल्याच्या रकान्यात.

इथवर ऐकून तुम्हाला बरं वाटलं असेल तर पुढचंही ऐका. मी लगेच खोलीचा विषय काढला. कुसुमचं सांगायला लागले तर गणपतराव म्हणाले, "वहिनी, आता तुम्ही सभासद झालात. सभासदाला तक्रारदार होता येत नाही. घरच्या दुसऱ्या कुणाची तरी जबानी लागेल." दुसरं कोण? भाऊजी समोर होते. परक्या पुरुषांच्या मधे बाळंतीण कशी ठेवायची, हे पहिलं वाक्य त्यांचंच होतं, ते कुठल्या तोंडानं सांगणार? विषय पुढच्या गुरुवारवर गेला, म्हणजे उद्यावर. उद्या कुणी आलं नाही तर पुन्हा दप्तरी. दोन वर्षांपूर्वी मी त्या खोलीत एक शब्द बोलले असते तर आज सरपण बाहेर आणि बाळंतीण आत असती. आता जागा मिळाली तर तोंड बंद झालं. तुमच्या जागी बसून मी असं काय मिळवलं, हे मला तुम्हीच सांगायला हवं होतं.

आणि शनिवारपासून हे आजारी आहेत. हिवताप आहे, गल्लीत सात घरं अंथरुणावर आहेत, मला कळतं. चार बुकं शिकलेय मी. पण हुडहुडी भरून यांचे दात वाजायला लागले की मला त्या टाकाचा आवाज ऐकू येतो. तुम्ही काशीनाथ हे नाव घेतलंत ते ते गेल्यावर. मी जिवंतपणी घेतलं, आणि तिसऱ्या दिवशी ताप. कुणाला विचारू? विचारायचं माणूस तुम्हीच होतात. काल ताप जरा उतरला तेव्हा हे म्हणाले, "नाव घेतलंस म्हनं चारचौघात. परत घे की. मी ऐकलंच न्हाय." मी तोंड उघडलं, पण शब्द आला नाही. कमिटीत आला तो घरात येईना. ते हसले, आणि हसता हसता पुन्हा थंडी वाजायला लागली.

आत्याबाई या पाच दिवसांत माझ्याशी बोलल्या नव्हत्या. लेकाच्या अंथरुणावरनं मीठ-मोहऱ्या उतरून टाकत होत्या, माझ्याकडं बघत नव्हत्या. आज दुपारी मी पेज करत होते, त्या चुलीपाशी येऊन बसल्या. म्हणाल्या, "उद्याच्याला जबानी कोन देनार?" मी म्हटलं, कुणी नाही. मग काय झालं मला ठाऊक नाही, मी त्यांना सगळं सांगून टाकलं. तुम्हाला काय बोलले तेही. तुम्हाला गमवायला राहिलंय काय, हे शब्दसुद्धा.

त्यांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं, की मामंजींना जाऊन बारा वर्षं झाली आणि मी हे कुणाला सांगतेय.

"व्हय गं," त्या म्हणाल्या. "मालक गेलं. कुसा गेली. मला तरी काय ऱ्हायलंय?" मग त्यांनी आतल्या खोलीकडं बघितलं, जिथं हे कण्हत होते. "थोरला धड हाय, ह्यो आसा पडलाय. त्याचंच भ्या वाटतं. पर मी कुसाची आई हाय. मी येते."

मी म्हटलं, आत्याबाई, तिथं नाव विचारतात. मामंजींचं.

"ठाव हाय. ते मी जल्मात घेतलं न्हाय." मग त्यांनी विचारलं, "आक्का कसं घेत हुती?"

"सरळ," मी म्हटलं. "मीठ मागावं तसं."

तेव्हापासून त्या ओसरीवर तुमच्या जागी बसल्यात, शेंगा फोडायची ती जागा. ओठ हलताहेत, आवाज अजून येत नाही. आत यांचा ताप उतरलेला नाही. उद्या दोन वाजता सभा आहे आणि आत्याबाईंच्या तोंडातनं ते नाव येईल की माझ्यासारख्या त्याही उठून घरी येतील, मला माहीत नाही. नाव आलं नाही तरी मी त्यांना काही बोलणार नाही. एवढं तुमच्याकडनं शिकले.

मी चुकले, आक्का. पेजेत मीठ होतं, पण सांगायचं ते हे होतं.

तुमच्या पिशवीच्या तळातला तो कागद मी उलगडून बघितला. मीच वाचून दाखवलेला, 'तक्रारदार हजर नाही' तो. तुम्ही तो दोन वर्षं का जपला ते मला कळत नाही. मी त्याची चौपदरी घडी केलीय, स्टुलाच्या आखूड पायाखाली बरोबर बसेल अशी. स्टूल एकच आहे. उद्या त्यावर आत्याबाई बसतील आणि मी उभी राहीन.